शेडच्या जागेवरचं सफरचंद

१५ डिसेंबर
सकाळपासून सफरचंदाची पानं तोडून राहिलो. हिरवीगार पानं. इथली थंडी पुरत नाही, झाड झोपत नाही. पानं काढली की त्याला वाटतं, हिवाळा होऊन गेला. मग फुलतं.
शेजारचे साहूजी कुंपणावरून: "भैया, पूरी ज़िंदगी भट्ठी तपाई, अब बर्फवाला फल उगाओगे?"
उगवीन.
सुमन दारातून: "लेकराचे केस उपटल्यावानी काय करता जी!" लग्नाची बायको, तीही त्यांच्याच बाजूनं.

२ जाने.
नितीन टेप घेऊन अंगणात. पोराने कार बुक केली. शेड पाहिजे, झाडाच्याच जागी. "बाबा, कावून ज़िद करता? यहाँ सेब नहीं होता."
म्हटलं, होईल. अन् गोड होईल.
पैज लागली. गोड निघालं तर झाड, आंबट निघालं तर शेड. सुमन साक्षीला.

३० जाने.
कळ्या! गुलाबी, उघडल्या की पांढऱ्या.
चौथीत फळ्याजवळ उभा राहून, हात हलवत म्हणायचो ती कविता. डोंगरावरची सफरचंदाची बाग होती तिच्यात. मले तिथं जायचं होतं, आलो इथं कारखान्याच्या भट्टीवर. आज झाडाला म्हणून दाखवली. शेवटचं कडवं आठवेना. पुन्हा पहिल्यापासून...

९ मार्च
दोनच फळं धरली. आवळ्याएवढी. नितीन: "ये तो बेर है." बोलू दे.

२१ मे
ऊन जाळून राहिलं. सुमनने स्वतःची सुती साडी फळांवर सावलीला बांधली. "तुमच्यासाठी नाही, झाडासाठी." बरं.

४ जून
पोपटाने एक फळ अर्धं खाल्लं. मी खूश! आंबट असतं तर खाल्लं असतं का?
नितीन: "पोपट तर मिरची पण खातो, बाबा."
सुमन हसून हसून खाली बसली. उरलेल्या फळाला कापडी पिशवी बांधली.

११ जून
दुपारी टेम्पो विटा टाकून गेला. शेडच्या. निकालाआधीच! मले विचारलंही नाही.
फळाला वास सुटला, देठ सैल झाला. उद्या नितीन फर्स्ट शिफ्टवरून आला की कापायचं. पहिली फोड त्याला.
संध्याकाळी त्याच्याच विटांनी झाडाभोवती आळं रचलं. चांगलं रुंद, पुढच्या उन्हाळ्यालाही पुरेल असं. कंबर गेली.
साहूजी: "भैया, फैसला तो कल है ना?"
हो, उद्याच. बादली उचलली, आळं काठोकाठ भरलं.