अनुपची जागल

प्रिय अनुप,

आधी माझी तक्रार नोंदवून घे. रोज पहाटे तीनला तू घरच्या ग्रुपवर दवात भिजलेला गुलाब आणि 'शुभ सकाळ' पाठवतोस. त्या वेळी अमरावतीत सकाळ नसते आणि शुभ तर काहीच नसतं. माझा फोन टिंग करतो, तुझे भाऊजी दचकून चष्मा शोधतात, आणि एकदा चष्मा सापडला की त्यांना चहा लागतो. तुझ्या गुलाबापायी माझं दूध संपतं. अन्यायाला काही मर्यादा?

तू म्हणशील, झोपच येत नाही त काय करू. तेच विचारायला मी महेजबीनला फोन लावला. माझी कॉलेजातली मैत्रीण, आता तुमच्या अकोल्यात मनाच्या आजारांची डॉक्टर. तिची पाटी दिसली की तू रस्ता बदलतोस, हे तुझ्या वर्षालीनंच मला सांगितलंय. महेजबीननं पहिलाच प्रश्न केला, लहानपणी हा झोपायचा कुठे? मला हसूच आलं. तू झोपत नव्हतास, हेच तर आपल्या घराचं कौतुक!

वरूडच्या बागेत संत्री रंगावर आली की आई-बाबा राखणीला, म्हणजे जागलीला, आणि तुझी झोळी मचाणाखाली. रानडुकरं येऊ नयेत म्हणून बाबा रात्रभर रॉकेलचा रिकामा डबा बडवायचे, आणि दर ठोक्याला तू दोन्ही हात फेकून दचकायचास. पुढे तर डुकरांच्या आधी तूच जागा व्हायचास. बाबा गावभर सांगायचे, "आपल्याले कुत्रं कायले पाहिजे? अनुप हाये ना!" सुट्टीत आले की मीही हसायचे. मग शाळेत फटाका वाजला की तू बाकाखाली शिरायचास, आणि तेच गाव तुला भागूबाई म्हणायचं. पहारेकरीही तूच, भित्राही तूच. एका पोराकडून गावाच्या अपेक्षा तरी किती!

महेजबीन सांगत होती, उंदरांच्या तान्ह्या पिल्लांची झोप सारखी मोडली तर ती मोठी होऊनही बुजरी राहिलेली दिसतात, मेंदूतल्या रसायनांचं प्रमाणही बदललेलं सापडतं. माणसाचं इतकं छातीठोक सांगता येत नाही, हेही तिनं बजावलं. पण तान्ह्या मेंदूची बरीचशी घडण झोपेतच होते, आणि तोच सतत पहाऱ्यावर राहिला तर पुढे छातीतली धडधड आपल्याला जन्माचा स्वभाव वाटू लागते. मी विचारलं, आता या वयात काय उपयोग? तर म्हणाली, "ले आ उसको, शकुन. सोना भी सिखाया जाता है." औषध लागेल की नाही, ते ती बघेल. तिचा एक जुना पेशंट, वर्षानुवर्षं डोळ्याला डोळा न लागलेला, हल्ली मुलाच्या लग्नात मांडवातच घोरला म्हणे. नातेवाईक चिडले, हिनं पेढे वाटले.

हे सगळं आज लिहायचं कारण, परवा वर्षालीचा फोन आला. रडत नव्हती, म्हणून मी जास्त घाबरले. "ताई, पोरगी निजली की हे तिले हलवून पाह्यतेत, श्वास चालू हाये का म्हणून. आता पोरगी यांच्या पावलाच्या आवाजानंच दचकून राह्यली." पाच महिन्यांची आहे रे ती. तू तिच्यावर जीव टाकतोस. बाबाही तुझ्यावर टाकायचे, म्हणून तर झोळी सोबत न्यायचे. तेव्हा दोघांपैकी एकालाच मावशीकडे अमरावतीला ठेवता येणार होतं. मी गेले. पंख्याखाली, गादीवर, तुझ्याही वाटची झोप झोपले. सोमवारी महेजबीनकडे तुझं नाव लावलंय, मी सोबत येते. आणि मग महिनाभर तुमच्याकडेच राहते. पोरगी माझ्याजवळ निजेल, तिचा श्वास मी ऐकीन. तू आतल्या खोलीत दार लोटून घे आणि झोप.

तुझीच,
शकुनताई