सोयाबीनच्या चार ओळींसाठी

प्रिय अक्का,

उद्या दुपारी आपल्या रानात जेसीबी येणार आहे. त्याआधी तुझ्याशी बोलून घ्यावं म्हणून लिहितोय. तू समोर असतीस तर जमलंच नसतं. "काय रं बाबू?" एवढं जरी म्हणाली असतीस, तरी मी विषय बदलला असता.

रोहिण्या लागल्या की तू फावडं घेऊन निघायचीस. तुझ्या-माझ्या रानामधला ओढा, त्यातला गाळ, काटक्या, बेशरमीची झुडपं, सगळं एकटी काढायचीस. मी बांधावरून ओरडायचो, "अक्के, नगरपालिकेत लागलीस का?" तू हसायचीस. "पान्याला वाट द्यावी लागती, बाबू. न्हाई दिली तर त्ये सोताच काढतंय."

मागच्या उन्हाळ्यात तू लेकीकडे पालमला गेलीस आणि मी मशीन लावून ओढा बुजवला. कशासाठी? सोयाबीनच्या चार ओळी वाढाव्यात म्हणून! परत आलीस तेव्हा खांद्यावर फावडं होतं आणि गाळ काढायला ओढाच नव्हता. "पानी जाईल कुठं?" तू विचारलंस. मी म्हणालो, "आधी येऊ तर दे!"

तू भांडली का नाहीस गं? आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. एक मुस्काटात ठेवून द्यायची होतीस. माझ्यावर राग तुला कधी धरताच आला नाही, त्याचाही मी फायदा घेतला.

भादव्यातल्या त्या दुपारी पाऊस लय झाला, हे खरंच आहे. पण तेवढा पाऊस त्या ओढ्यानं आधीही नेला होता. या वेळी पाणी माझ्या भरावाला थटलं, वळलं आणि सरळ तुझ्या गोठ्यात शिरलं. शेळ्या सगळ्या वाचल्या, अक्का. त्यांचा दोर कापला असतास तर लवकर सुटली असतीस. पण तुला दोर वाया घालवायचा नव्हता, एकेक गाठ सोडत बसलीस. मी पोचलो तेव्हा तू कुंपणाला अडकलेली होतीस.

तुझ्या मरणाच्या पंचनाम्याला तलाठ्यानं कारण विचारलं. मी म्हणालो, "अतिवृष्टी." त्यानं 'नैसर्गिक आपत्ती' लिहिलं आणि मी खाली सही केली. निसर्ग काय आक्षेप घ्यायला येणार होता!

त्याहून वाईट सांगतो. तुझी सुरेखा माझा हात धरून रडली. "मामा, आभाळाम्होरं कुनाचं काय चालतंय? तुमी व्हता म्हनून मी उभी हाय." आणि मी मान हलवली! तेव्हापासून सणावाराला ती मला पहिलं ताट वाढते. आणि मी ते जेवतो.

उद्या सकाळच्या एसटीनं मी पालमला जाणार आहे. सुरेखाला सांगेन, "आभाळानं न्हाई, पोरी. तुझ्या मामानं." तिनं दार लावून घेतलं तर उलट बोलणार नाही. मग दुपारी ओढा होता तसा मोकळा करून घेईन. आणि दर रोहिण्यांना तुझं फावडं घेऊन मीच निघेन. लोक विचारतील, नगरपालिकेत लागलास का? विचारू देत.

पाण्याची वाट अडवणारा,
तुझा बाबू