वाचल्याशिवाय पुढे नाही

सोमवार, ७ जुलै. स. ११.१०
शाळेच्या चौदा कॉम्प्युटरांना प्रॉक्सी बसवायचा हुकूम. म्हणजे सगळं इंटरनेट एका दारातून, पोरांचे गेम बंद. प्रोटोकॉल, म्हणजे त्या दाराची रीत, कोणता ते मी ठरवणार. एकोणीस वर्षं लॅब असिस्टंट आहे, एकही क्लास न लावता शिकलो. कॉम्प्युटर विभागप्रमुखाची जागा निघाली आहे. अर्ज विभागाच्या ईमेलवर, शनिवारी पाचपर्यंत. माझ्याशिवाय आहे कोण?

मंगळवार, ८ जुलै
आहे. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या अर्चना मॅडम. नेपानगरहून अपडाऊन, वर डिग्रीचा तोरा. म्हणतात, ब्राउझरला एचटीटीपी ठेवा, मेलच्या सॉफ्टवेअरला सॉक्स-फाइव्ह. मी माझ्या वहीचं पान ४१ काढून दाखवलं. एचटीटीपी प्रॉक्सी साइटचं नाव वाचतो, मग सोडतो किंवा अडवतो. सॉक्स काही न वाचता पुढे ढकलतो. असला आंधळा हमाल माझ्या दारात नको.
बाई म्हणाल्या, "सर, मेल म्हणजे वेबपेज नाही. तुमचा एचटीटीपी त्याला बाहेरच जाऊ देणार नाही."
चहा अर्धा टाकून उठलो.

बुधवार, ९ जुलै
सगळीकडे एचटीटीपी. बाकी रस्ते बंद. गेम खलास. हेडमास्तर प्रकाश सर खूश. पोरांनी हिंदीत शिव्या दिल्या. दोन लिहून घेतल्या, नावांसकट.

शुक्रवार, ११ जुलै
क्लार्क उखर्डू कुरकुरतोय, "भाऊ, कालपासून मेल अटकून राहिले." त्याला अटॅचमेंट कशाला म्हणतात ते माहीत नाही. बाईंनीच कान भरले असणार. सेटिंगला हात लावणाऱ्याची गय नाही.

शनिवार, १२ जुलै. दु. ४.१२
अर्ज पाठवला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून, रीतसर. मोबाइलवरून अर्ज करणारे ढिसाळ लोक. चार पानं, डावीकडे मार्जिन दीड इंच. मुद्दा क्रमांक एक: प्रॉक्सीची अचूक निवड. सेंड दाबलं आणि शिपाई धुरपदाबाईंना मावा जलेबी आणायला पाठवलं. स्टाफला वाटली. अर्चनाबाईंनाही दिली, छोटी बघून.

सोमवार, १४ जुलै. दु. १२.३०
प्रकाश सर म्हणाले, एकच अर्ज आला, अर्चना मॅडमचा. मोबाइलवरून. नेमणूक झालीसुद्धा. खोटं आहे म्हणालो, पुरावा दाखवायला त्यांना ऑफिसात नेलं. अर्ज न जाता आउटबॉक्समध्येच पडलेला. त्याच्या आधी उखर्डूचे अकरा मेल.

दु. ३.०५
नव्या विभागप्रमुखांनी पाच मिनिटांत मेलला सॉक्स-फाइव्ह लावला. बाराही मेल गेले. अर्जसुद्धा, न वाचता.

दु. ३.४०
उत्तर आलं, त्यांच्याच नावाने. 'अर्ज मुदतीनंतर मिळाला. मार्जिन छान आहे.'