हात धुऊन आत यावे

१२ जानेवारी, सोमवार

सोडली! सकाळी चहाबरोबर शेवटची ओढली आणि राहिलेलं पाकीट पाणी तापवायच्या चुलीत टाकलं. जळताना वास आला तेव्हा जीव तुटला. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि चुलीपुढं उकिडवा बसून धूर हुंगतोय. कुणी बघितलं नाही हे नशीब.

कारण अनिता. रोपवाटिका तिच्या नावावर, शेडनेट तिचं, डोकंही तिचंच. मी नावाला मालक. मागच्या आठवड्यात ती कृषी खात्याच्या ट्रेनिंगला गेली आणि तिथून हे घेऊन आली — तंबाखूतला व्हायरस ओढणाऱ्या-खाणाऱ्याच्या हातावर बसतो आणि रोपाला हात लावला की रोपात जातो. तंबाखू, मिरची, टोमॅटो सगळी एकाच कुळातली म्हणे. आल्या आल्या नेटच्या दाराला पाटी लावली: 'हात धुऊन आत यावे. तंबाखू, विडी, सिगारेट, मिश्रीवाल्यांना बंदी.' खाली बादली आणि साबण.

मी विचारलं, मालकालासुद्धा? म्हणाली, "मालकाला आधी."

कामाच्या बायका हसल्या. मग मीही ऐटीत सांगून टाकलं, आजपासून बंद! ही ऐटच मला नडते. मागून रतनबाई म्हणाली, "दादा सोडत्यात तर मीबी सोडते मिश्री." रतनबाई साठीची. नेट उभं राहिलं तेव्हापासून आमच्याकडं आहे आणि पोरवयापासून मिश्री लावते. रोपाला तिच्यासारखा हात कुणाचा नाही.

हाताला काहीतरी चाळा पाहिजे म्हणून सायलीची अर्धी कोरी वही घेतलीय. पोरगी पुण्याला होस्टेलवर, तिला आता कशाला लागते?

१३ जानेवारी

डोकं. दिवसभर नुसतं डोकं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. गोड बोला म्हणे! अनितानं हातावर तिळगूळ ठेवला आणि मी तिच्यावर ओरडलो — चहात साखर कमी म्हणून. तिनं साखरेचा डबा पुढं सरकवला. मग साखर जास्त झाली. तसाच प्यायलो.

चहा संपला की हात आपोआप खिशाकडं जातो. खिशात लवंगा. चावून चावून जीभ बधिर झालीय.

१६ जानेवारी

रतनबाईची गत माझ्याहून वाईट. रोपांच्या ट्रेपुढं गाल धरून बसलेली. "दादा, माझं दात न्हाईत ह्ये, दुसऱ्याचंच कुनी आनून बसीवल्यात." पोट साफ होत नाही, कशात चित्त लागत नाही. मी म्हणालो, मला झोप नाही. तर म्हणते, "काल मी मिश्रीच्या डबीकडं बघून रडले. नवरा गेला तवाबी येवढी रडले नव्हते." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. मीही हसलो. सोडल्यापासून पहिल्यांदा.

दुपारी जेवणानंतर आम्ही दोघं विहिरीच्या कठड्यावर बसून तिच्या डबीतली बडीशेप खातो. बायका चिडवतात — व्यसनमुक्ती केंद्र भरलं बघा! चिडवू देत. खरं सांगायचं तर तिच्यामुळंच इतके दिवस निघाले.

१९ जानेवारी, सोमवार

पोपटरावाच्या टपरीपुढून खाली मान घालून चाललो होतो. त्यानं हटकलंच. "काय रोहिदासशेठ, बायकूनं बंद केली म्हनं?" मी मोठ्यानं म्हणालो, माझी मी सोडली! टपरीवरच्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, "मर्द गडी!" छाती फुगवून घरी आलो आणि अनिताला तिखटमीठ लावून सगळं सांगितलं.

२२ जानेवारी, गुरुवार

ओढली.

पिकअप घेऊन दौंडला रोपं पोचवायला गेलो होतो. येताना रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी — डबे संपता संपेनात. इंजिन बंद करून खाली उतरलो. शेजारी टपरी. ओळखीचं कुणी नाही. एकच मागितली, सुट्टी.

पहिल्या झुरक्याला गरगरलं, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं, तिसऱ्याला बरं वाटलं. किती बरं वाटलं ते लिहायची लाज वाटते. फाटक कधी उघडलं कळलंच नाही, मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारून शिव्या घातल्या तेव्हा भानावर आलो.

परत आलो तर रतनबाई ढोबळी मिरचीच्या ट्रेमध्ये नांग्या भरत बसलेली. जिथं बी उगवलं नाही त्या कप्प्यात दुसरं रोप बोटांनी बसवायचं, नाजूक काम. बाळासोची ऑर्डर आहे. त्याचं रान तयार, फक्त रोपं जायची. "दादा, या की हात लावाया," तिनं आतूनच हाक मारली. मला पाटीकडं बघायचं नव्हतं. पाटीकडं बघितलं नाही म्हणून बादलीकडंही बघितलं नाही. हात पँटीला पुसले आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो.

"आज लई खुशीत हाय स्वारी," ती म्हणाली. मी म्हणालो, सुटली वाटतं आता. "मंग माझीबी सुटंल," म्हणाली.

२३ जानेवारी

आज नाही ओढली.

संध्याकाळी ओढली.

२७ जानेवारी, मंगळवार

पंपाच्या खोलीमागं रोज एक. कधी दोन. मग लवंग, मग बडीशेप, मग शर्ट बदलायचा. चोराची सगळी कामं शिकलो. आज शर्ट मीच सर्फच्या पाण्यात बुडवत होतो तर अनिता मागं येऊन उभी. "तुम्ही? आन् कापडं भिजवताय?" चिखल उडाला होता म्हणालो. "बरं," म्हणाली आणि गेली.

सायलीचा फोन आला तेव्हा अनितानं तिला सांगितलं, पप्पांनी सोडली बघ. पोरगी इतकी आनंदानं ओरडली की मला लांबूनही ऐकू आलं. अनिता फोन माझ्याकडं देत होती. मी म्हणालो, मोटर बघून येतो. मोटर बंदच होती.

रतनबाईजवळ कठड्यावर बसायचं टाळतो. तिची मात्र खरंच सुटत चाललीय. गाल दुखायचा थांबला म्हणते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

बाळासोच्या ढोबळीवर चट्टे. कोवळी पानं आकसलेली, त्यावर हिरवं-पिवळं. अनितानं एक ट्रे उचलून उजेडात धरला आणि कितीतरी वेळ खाली ठेवलाच नाही. ट्रेची ही ओळ कुठली ते मला विचारावं लागलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

कृषी सहायक मॅडम आल्या होत्या. पान उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, मोझॅक आहे, तंबाखूतला तोच व्हायरस, ही ओळ पूर्ण उपटून जाळा. मग विचारलं, "या रोपांना हात कुणी कुणी लावला?"

"रतनबाईनं," अनिता म्हणाली. "आन् यांनी."

"दोघांत तंबाखू कुणाला?"

अनिता ट्रेकडंच बघत म्हणाली, "यांनी सोडलीय."

झालं! सगळ्यांच्या नजरा रतनबाईवर.

"म्याबी सोडलीया की! दादांच्या बरूबरच सोडली!" ती म्हणाली. कुणीतरी फिसकन हसलं. "आवं, जलमाची मिश्री, अशी सुटती व्हय?" रतनबाईचा चेहरा उतरला. तिनं लेकराची शपथ घेतली. मग माझ्याकडं वळली. "दादा, तुमी तरी सांगा की."

सांगा की. एवढंच मागितलं तिनं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "मला काय ठाव, घरी गेल्याव कोण काय करतं."

माझ्याच तोंडून, माझ्याच आवाजात.

अनिता म्हणाली, "रतनबाई, उद्यापासनं नका येऊ." रतनबाई दाराकडं वळली. दारातल्या बादलीत हात धुतले, पदराला पुसले आणि गेली. जाताना कशाला धुतले हात? संध्याकाळपासून तेच डोक्यात आहे.

मी नालायक आहे. दुसरा शब्द नाही.

६ फेब्रुवारी

तिची बडीशेपेची डबी कठड्यावर राहिलीय. उचलायला हात होईना.

९ फेब्रुवारी, सोमवार

खड्डा मी खणला, रोपं मी उपटली, मीच जाळली. ज्या धुरासाठी जीव टाकायचो तो नाकात गेला आणि उलटी झाली.

दुपारी बाळासो येऊन आरडाओरडा करून गेला. मल्चिंगचा प्लास्टिक कागद रानात अंथरून बसलाय, आता ऐनवेळी रोपं कुठून आणायची? त्याचं चुकलं नाही. अनिता त्याला म्हणाली, "जिच्यापायी झालं त्या बाईला काढली आमी." बाळासो म्हणाला, "असल्या बायकांला थाराच द्यायचा न्हाई." मी मान डोलावली. डोलावली मी!

गुरुवारपासून एकही ओढलेली नाही. तलफच येत नाही. आता सुटली, आता! पोपटरावानं आज पुन्हा सगळ्यांसमोर पाठ थोपटली. "ह्याला म्हंत्यात निश्चय." पाठीवरचा तो हात झटकून टाकावासा वाटला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

वडगाव रासाईला जाऊन आलो. रतनबाई आता तिकडं कांदे काढायला जाते, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, असं कळलं होतं. तिची डबी खिशात घेतली. रस्ताभर एकच वाक्य घोकत गेलो — रतनबाई, चूक माझी.

भीमेच्या कडेचं रान. बायका जेवून गप्पा मारत होत्या. रतनबाई त्यांच्यापासून लांब, बांधावर एकटीच. बोट काळं. मिश्री लावत होती.

मला बघून उठली नाही. "या, बसा," म्हणाली. मी डबी पुढं केली. तिनं घेतली नाही. मी विचारलं, परत लावायला लागलात? मला! मला हे विचारायची लायकी होती?

"सोडली तर कुनाला पटली न्हाई," ती म्हणाली. "मंग म्हनलं, जिच्यापायी बदनाम झाले ती तोंडात तरी असूद्या."

बाजूला थुंकली, तोंड पुसलं. आणि मग, राग नाही, टोमणा नाही, अगदी मायेनं विचारलं, "तुमची टिकली न्हवं दादा? टिकवा. तुमी तरी टिकवा."

घोकलेलं वाक्य तसंच राहिलं. डबी बांधावर ठेवून उठलो. गाव मागं पडल्यावर गाडी थांबवून रडलो. त्याच्या आधी कुणी बघत नाही ना, ते बघून घेतलं. असला माणूस मी.

१६ फेब्रुवारी, सोमवार

अनिताला सांगितलं. दौंडचं फाटक, पंपाची खोली, न धुतलेले हात, सगळं. ती ट्रेमध्ये कोकोपीटचा भुसा भरत होती. भरतच राहिली.

"ठाव हाय," म्हणाली.

कधीपासून, विचारलं.

"लग्न झाल्यापासनं कवा सवताचा रुमाल भिजवला न्हाई तुम्ही. त्या दिशी शर्ट भिजवलात, तवाच."

म्हणजे मॅडमसमोर 'यांनी सोडलीय' म्हणाली तेव्हा तिला माहीत होतं! मी तसं म्हणालो. तिनं हातातला ट्रे खाली ठेवला.

"रतनबाईला काढता आलं. तुम्हाला कुठं काढू?" आणि त्याच मातकट हातांनी डोळे पुसले.

संध्याकाळी दोघांनी दारातल्या बादलीत हात धुतले. गाडी तिनं चालवली, मी मागं. रतनबाईच्या दारात पोचलो तर कडी कुणी वाजवायची, तेच ठरेना. आतून तिनंच आवाज दिला, "कोन हाय?"

अनितानं तोंड उघडलं. मी तिचा दंड धरला. आधी मी.