गगनकेतूच्या पहिल्या अंकावरचं कुंकू

हो गं श्रिया, शुद्धीवर आहे मी. सकाळी दोन भाकऱ्या थापल्या, बीपीची गोळी घेतली, पेपर वाचला आणि समोरच्या कादंबरीताईंच्या नव्या पडद्यांना नावं ठेवली. डॉक्टरांनीही तपासून तसं लिहून दिलंय, पडद्यांचं सोडून.

तर मी, श्रीमती सगुणा प्रभाकर देसले, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण सातवी पास, मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत, सध्या राहणार डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलगा महिन्यातून दोनदा येतो, तेव्हा मीच त्याच्यावर आणते. याआधी असा कुठलाही कागद मी केलेला नाही. आमची वकील श्रिया म्हणाली, "आजी, तुम्ही तुमच्या भाषेत लिहा, मी कायद्याच्या भाषेत करून देते." मी म्हटलं, नको बाई, मग मलाच कळणार नाही मी कोणाला काय दिलं. तेव्हा हे असंच राहील.

कलम १. घर. वन रूम किचन, तिसरा मजला. माझे पती कै. प्रभाकर गेल्यापासून माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझा एकुलता एक मुलगा मुकुल, राहणार बाळकुम, ठाणे, याला मिळावं. लिफ्ट नाही. आमचे सेक्रेटरी संदेश तेरा वर्षं लिफ्ट आणतायत. मला खाली नेताना जिन्यानेच न्यावं लागणार, तेव्हा माणसं जाडजूड बघून बोलवा.

कलम २. बँकेतली ठेव अर्धी सून हेमा हिला, अर्धी नात अंतरा हिला. पाटल्या हेमाला. हेमाने माझं एकही ऐकलं नाही, पण डॉक्टरकडे दरवेळी तीच घेऊन गेली. हेमा, पाटल्या वजन करायला नेऊ नकोस. एक पोकळ आहे. मला सासूने तशीच दिलेली, मी तुला तशीच देते.

कलम ३. लोखंडी कपाट आणि त्यातली कॉमिक्स. हे कलम मोठं आहे, बसून वाचा.

कपाटात एकंदर चारशे बारा कॉमिक्स आहेत, सगळी ह्यांनी जमवलेली. हे एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात फोल्डिंग खात्यात होते. दिवसभर काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं, खालून ट्यूबलाइट, आणि ह्यांनी चूक पकडायची. तुटलेला धागा, रंगाचा ठिपका, तेलाचा बारीक डाग. बत्तीस वर्षं ते केलं. असा माणूस घरी येऊन डोळे मिटून बसेल असं तुम्हाला वाटेल. हे कल्याणच्या रद्दीच्या दुकानांतून जुनी कॉमिक्स आणायचे आणि खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा तेच करायचे.

मला बघायला आले तेव्हाही दारातल्या उजेडात बसवलेलं. माझी आई म्हणाली, मुलगा लाजाळू आहे, नुसता बघतो. लग्नानंतर विचारलं, काय बघत होतात एवढं? तर म्हणाले, "एक दात पुढे आहे, पण बाकी कुठे दुमड नाही."

आधी मी हसायची. मोठा बाप्या, आणि चित्रांची पुस्तकं. मग हळूहळू त्यांनी मला शिकवलं आणि माझं हसणं बंद झालं. कॉमिकला दहापैकी गुण देतात. दहा म्हणजे छापखान्यातून निघालं आणि जवळ कोणी शिंकलंसुद्धा नाही. नऊ म्हणजे दुकानात लागलं, एकदोघांनी हाताळलं. पाच म्हणजे पोरांनी वाचलंय, पण अंग धड आहे. दोन म्हणजे भजी बांधायला. आधी पाठ बघायची, घडीवर पांढऱ्या रेघा आल्यात का. मग चार कोपरे. मग दोन पिना, कारण गंज पिनेपासून सुरू होतो आणि पानात उतरतो. मग आतलं पान, पांढरं आहे, साईच्या रंगाचं झालंय की चहासारखं. शेवटी वास. ह्यांना वासावरून कळायचं की अंक तळमजल्यावर राहिलाय का वरच्या. एकच अंक, एकाच दिवशी छापलेला, नऊचा असला तर सोन्याच्या भावात आणि तीनचा असला तर चपलांच्या.

ह्यांनी हे कुठे शिकलेलं नव्हतं. तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं. स्वतःच ठरवलं आणि एका जाड रजिस्टरमध्ये प्रत्येक अंकाचे गुण लिहिले, कारणासकट. "मागच्या पानावर शाईने नाव, मुलीचं, अक्षर चांगलं, तरी अर्धा गुण वजा." असं.

गेल्या वर्षी नौपाड्याहून ऋजुता आली. ती हेच काम करते, जुनी कॉमिक्स तपासायची आणि गुण द्यायचे. हिला ह्याचे पैसे मिळतात, मला आधी खोटंच वाटलं. आल्या आल्या तिने हात धुतले आणि कोरडे होईस्तोवर बसून राहिली. मी विचारलं, "हातमोजे नाही आणलेस? टीव्हीत घालतात." म्हणाली, "आजी, हातमोज्यात पान कळत नाही, फाटतं." हेच हे म्हणायचे, याच शब्दांत. तेव्हाच मी तिला जेवायला थांबवायचं ठरवलं. चार दिवस येत होती. ह्यांचं रजिस्टर तिने मुद्दाम आधी बघितलं नाही, आपले गुण लिहिले आणि मग ताडून बघितलं. चारशे बारापैकी नऊ अंकांत फरक निघाला, तोही अर्ध्या गुणाचा. चष्मा काढून म्हणाली, "मला यांच्याकडे शिकायला मिळालं असतं तर." मी म्हटलं, तुला शिकवलं असतं, पण चहा तुलाच करावा लागला असता.

तिने सगळ्याचा आजचा भाव दहा लाखांच्या आसपास काढलाय. कागद कपाटाच्या दाराला आतून लावलाय.

त्यातल्या गगनकेतू मालिकेच्या चौदाव्या अंकाबद्दल वेगळं सांगते. माझे दीर सखारामभावजी यांनी तो एका रात्रीसाठी वाचायला नेला आणि मागचं कुपन कापून परत आणला. कुपन पाठवलं की गगनकेतूसारखा मुखवटा मिळणार होता. भावजी तेव्हा तिशीचे होते. मुखवटा आला नाहीच. कुपन कापलेला अंक म्हणजे नाक कापलेला माणूस, असं हे म्हणायचे, पण भावाला एक शब्द बोलले नाहीत. मी बोलते. भावजी, माझ्या शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री तुम्हाला.

आता पहिला अंक. गगनकेतू, अंक पहिला. ह्यांनी तो मुकुल तीन वर्षांचा असताना रद्दीच्या ढिगातून काढला. घरी आले ते जेवले नाहीत. पाठ सरळ, कोपरे टोकदार, पिना चकचकीत, पानं पांढरी. नऊ गुण. मी एवढा खूश माणूस फक्त आणखी एकदा बघितलाय, मुकुल झाला तेव्हा.

मुकुल बारावी झाला आणि त्याला सांगलीकडच्या कॉलेजात इंजिनिअरिंगची सीट लागली. पहिल्या वर्षाचे तीस हजार भरायचे होते. आमच्याकडे तेवढे नव्हते. ह्यांनी मला विचारलं नाही, मुकुलला विचारलं नाही, पहिले पंचवीस अंक विकायला काढले. पुण्याचे एक गृहस्थ जमवणारे होते, ते तीस हजार द्यायला तयार झाले, कारण त्यात पहिला अंक होता, नऊ गुणांचा. दसऱ्यानंतर येऊन घेऊन जाणार होते.

दसऱ्याला आमच्याकडे पाटीपूजन होतं. पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची, पाटावर पुस्तकं रचायची, हळदकुंकू वाहायचं, वर झेंडू. माझ्या मनात आलं, ज्याच्यावर पोराचं शिक्षण होणार त्याचा मान पहिला. मी पहिला अंक प्लॅस्टिकमधून काढून सगळ्यात वर ठेवला. आणि बोट पाण्यात बुडवून कुंकू लावलं, कारण कोरडं कुंकू सांडतं आणि पाट घाण होतो. गगनकेतूच्या बरोबर कपाळावर. वाटलेलं, नंतर फडक्याने टिपून घेऊ. कागद कुंकू प्यायला.

हे पहिली पाळी करून आले. अंक उचलला, खिडकीशी नेला, धरला. म्हणाले, "नुसती हळद असती तर आठ. कुंकू ओलं आहे. साडेपाच." रजिस्टर काढून नऊ खोडला आणि साडेपाच लिहिला. मला ओरडले नाहीत. मी म्हटलं, पुण्याच्या माणसाला सांगू नका, तो येऊन बघेल तेव्हा बघेल. तर चप्पल घालून कोपऱ्यावरच्या बूथवर गेले आणि त्याला फोन करून सांगितलं की अंक आता नऊचा नाही. तो म्हणाला, विचार करून कळवतो. इतका सरळ माणूस मी माहेरी पाहिला नाही, सासरीही दुसरा नाही.

सीट गेली. घरात सगळे हेच म्हणतात की कुंकवाने गिऱ्हाईक मोडलं. ऋजुताच्या कागदाप्रमाणे तो अंक आज नऊचा असता तर चार लाखांचा असता, साडेपाचचा आहे म्हणून नव्वद हजारांचा. माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेने तीन लाख दहा हजार खाल्ले. एवढं महाग बोट घेऊन मी रोज भांडी घासते.

पण मुकुलने कुंकवाला दोष दिला नाही. तो बाबांना म्हणाला, "तुम्ही फोन केलातच कशाला? तुम्हाला विकायचाच नव्हता. तुम्हाला माझ्यापेक्षा कागद मोठे." ह्यांनी अंक प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात ठेवला. मग मुकुलने इथेच डिप्लोमा केला, नोकरी लागली, संसार नीट झाला. पण बापलेकांचं बोलणं त्या दिवशी संपलं ते संपलं. पंचवीस वर्षं मधे मी. "आई, त्यांना विचार गॅसचा नंबर लावला का." "अगं, त्याला सांग, लावला." दोघं एकाच पंगतीत, मांडीला मांडी लावून. तेराव्याला मुकुल मला म्हणाला, "हे कपाट मला नको. रद्दीत दे, नाहीतर जाळ." वडील गेलेत आणि हा अजून त्यांच्यावर रागावलेलाच आहे. माझ्यामागे याचं काय होईल, ही एकच काळजी आहे मला. बाकी घर, पाटल्या, ते तुम्ही कसंही वाटलंत तरी चालेल.

म्हणून असं करायचं.

पहिला अंक सोडून बाकी चारशे अकरा अंक, रजिस्टर आणि कपाट अंतराला. ती लहानपणी आजोबांच्या शेजारी बसून गुण सांगायची आणि आजोबा म्हणायचे, "अर्धा जास्त दिलास, प्रेमात पडलीस." अंतरा, विकायचे तर वीक, पण ऋजुताला विचारून. कपाटातला कडुलिंबाचा पाला वर्षातून दोनदा बदल. थुंकी लावून पान उलटणाऱ्या माणसाला कपाटाजवळ येऊ देऊ नकोस, मग तो नवरा का असेना.

पहिला अंक मुकुलला. त्याने तो घेतलाच पाहिजे. मुकुल, घरासाठी सही करशील तेव्हा हाही हातात घे, हात धुऊन, कोरडे करून. एक वर्ष विकायचा नाही. कुंकू काढायचा प्रयत्न करायचा नाही. ऋजुता सांगते की ते निघतही नाही, आणि खरवडलं तर साडेपाचचे तीन होतील. तिने तिच्या कागदावर लिहिलंय, "मुखपृष्ठावर कुंकवाचा डाग, पूजेचा." पूजेचा हा शब्द मी लिहायला लावला.

कलम ४. या मृत्युपत्राप्रमाणे सगळं होतंय ना हे बघायचं काम श्रियाचं. कॉमिक्सपुरतं ऋजुताचं. माझ्या तेराव्याला श्रीखंड विकतचं नको.

वरचं सगळं मी लिहिलं, वाचलं आणि साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. कादंबरीताईंनी पडद्यांचं वाचून मग केली.

सही: सगुणा प्रभाकर देसले

साक्षीदार १: डॉ. नील वैशंपायन (सही)
साक्षीदार २: कादंबरी सुधीर ओक (सही)

ठिकाण: डोंबिवली पूर्व
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

हे खालचं मिळकतीबद्दल नाही, म्हणून सह्यांच्या खाली लिहिते. श्रियाला विचारून घेतलंय, चालतं.

मुकुल, गिऱ्हाईक आलेलं. दसऱ्यानंतरच्या गुरुवारी, सकाळी अकराला. बाबा पाळीवर होते, तू बाहेर गेलेलास. पुण्याचे ते गृहस्थ तीस हजार पिशवीत घेऊन आलेले. म्हणाले, "वहिनी, स्वतःहून डाग सांगणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. साडेपाच तर साडेपाच, ठरलेले सगळे पैसे देतो." मी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, ह्यांनी विकायचं रद्द केलंय, परत विचारू नका, त्यांना राग येतो. ते गेले. बाबांना सांगितलं, कोणी आलं नाही. तू सांगलीला गेलास तर तिकडचाच होशील, या भीतीने केलं. तू बाबांवर ओरडलास तेव्हा मी ओट्याशी उभी होते, तेव्हाही बोलले नाही. बाबा गेले तोवर त्यांना माहीत नव्हतं.

तुझी सीट मी घालवली.