आधी टिचकी, मग आकडा

बाबा, आज डोंबिवलीच्या एमआयडीसीत गेलेले. तुमची कंपनी नाही, तिच्या मागच्या गल्लीतली. पण वास तोच, तुमच्या शर्टाला यायचा तो. तिथे आता केमिकलच्या रिअ‍ॅक्टरपाशी कुणी सतत उभं राहत नाही. कॅमेरा प्रेशरच्या जुन्या डायलचे फोटो काढत राहतो आणि माझा प्रोग्राम ते कंट्रोल रूममध्ये दाखवतो. पण तो इतका रखडायचा, की पडद्यावरचा काटा खऱ्या काट्याच्या मागेच. म्हणून मी शक्कल लढवली: फोटोच्या फाइलचं नाव आणि साइझ आधीचीच असेल तर ती पुन्हा उघडायचीच नाही, आधीचंच चित्र ठेवायचं. घरी माझ्याकडच्या फोटोंवर झकास पळाला.

आज तिथे लावला. ऑपरेटर काका खूश. “मॅडम, आता कसं एकदम मक्खन!” काटा हिरव्या पट्ट्यात, शांत. मीही ऐटीत चहा घेतला. आणि तुम्ही आठवलात. गेज वाचण्याआधी काचेवर नखाने टिचकी मारायचात, काटा अडकला असेल तर सुटावा म्हणून. घरी भिंतीवरच्या घड्याळालाही तेच. आई चिडायची, “अहो, फुटेल ते!” मी गणिताचं उत्तर दाखवलं की माझ्या कपाळावर टिचकी. “आधी टिचकी, मग आकडा. गप्प बसलेल्या काट्यावर भरवसा ठेवू नकोस.” काय राग यायचा मला!

काटा हलत नाहीये, बाबा. जरासुद्धा नाही. “काका, खाली कुणाला तरी कॅमेऱ्यासमोर हात धरायला सांगा.”

“कशाला? चालतंय ना सगळं.”

“काका, प्लीज!”

ते वॉकीटॉकीवर सांगतात. पडद्यावर हात येतच नाही. काटा तसाच हिरव्यात. मग खालून आवाज, “अरे, इथे काटा लालला टेकलाय! पाणी सोडा, पाणी!” काका थंड पाण्याच्या व्हॉल्व्हकडे धावतात. माझ्या पडद्यावर काटा अजून हिरव्यातच.

काटा उतरल्याचं खालून कळलं तेव्हा जिवात जीव आला. घरच्या फोटोंची नावं वेगवेगळी होती; तिथला कॅमेरा प्रत्येक फोटो त्याच नावाने, अगदी त्याच साइझचा ठेवतो. माझ्या प्रोग्रामला वाटलं, काही बदललंच नाही. आता तो फाइल लिहिल्याची वेळही बघतो. ती थांबली की अख्खा पडदा लाल. काकांनी विचारलं, “हात धरायचं कसं सुचलं हो?” म्हटलं, घरचं वळण.

हे पाठवू कुठे? हसू नका, पण घरी येऊन तुमच्या फोटोच्या काचेवर टिचकी मारली. आतून आई ओरडली, “अगं, फुटेल ते!”

मी परत मारली.