चिमीची करंगळी

आखाडा बाळापूर
रविवार, १४ डिसेंबर २००३, संध्याकाळ

चिमी गेली. माझी आई तिला घेऊन पाचच्या गाडीनं परत गावी, हट्ट्याला. महिन्यातून एकदा लेक माझ्या खोलीवर येते, आणि मी आज दिवसभर चाचणीचे पेपर तपासत बसले. उद्या द्यायचे होते, खरंय. पण ती गेल्यावर नसते का झाले?

दुपारी आई म्हणाली, "लेकरू कवाचं तुझ्या तोंडाकडं बघून राहिलं." मी म्हटलं, "एवढा गठ्ठा होऊ दे." चिमी समोर हाताची घडी घालून बसली होती, वर्गात बसवतात तशी. मग तिनं करंगळी वर केली. शाळेत दिवसभर मी हेच बघते. लाल पेन न थांबवता म्हणाले, "जा, लवकर ये."

ती हलली न्हाई. करंगळी तशीच वर.

"शू न्हाई आली."

"मंग काहून?"

"तुझ्याजवळ बसू का?"

माझ्याच पोरीनं मला करंगळी दाखवून विचारावं? शेजारी पेपर पसरले होते. "थांब हं, उचलते," म्हणाले आणि पुढचा पेपर ओढला. तेवढ्यात गाडीची वेळ झाली.

आता गठ्ठा बांधून कोपऱ्यात ठेवलाय. शेजारची जागा मोकळी आहे.